समोरची पाटी

मोटारीला पुढें एक आणि मागें एक अशा दोन पाट्या असाव्यात, कीं मागची एकच असली तरी भागतें, हा प्रश्न कोणा तत्त्ववेत्त्यानें हातीं घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तथापि ज्या देशांत आमच्या आयुष्याचीं गेलीं तीस वर्षें सरलीं, त्या अमेरिकेंत हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत ठाण मांडून बसलेला आहे, आणि राज्याची सीमा ओलांडली कीं त्याचें उत्तर बदलतें. पन्नास राज्यांपैकीं सुमारें वीस राज्यें मागच्या एका पाटीवर संतुष्ट आहेत; बाकीच्यांना दोन लागतात. पेनसिल्व्हानिया पहिल्या पक्षाचें, आणि ज्या कॅलिफोर्नियांत आम्ही राहतों तें दुसऱ्या पक्षाचें. ह्या दोन राज्यांमधील हा क्षुल्लक दिसणारा मतभेद एका निळ्या मोटारीच्या रूपानें आमच्या दारांत येऊन उभा राहिला, आणि तो मिटवितां मिटवितां एका मित्राशीं अर्धवट राहिलेलें भांडण आम्हांला पुन्हां भांडावें लागलें. मित्र आतां ह्या जगांत नाहीं. त्यामुळें भांडणाचीं दोन्ही अंगें आम्हांलाच सांभाळावीं लागलीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

हा मित्र पुण्यास धातुविद्या शिकून १९८१ सालीं पिट्सबर्गला गेला. पोलादाच्या विद्येसाठीं पोलादाच्या गांवीं जावें, हा त्याचा हिशेब बरोबरच होता. परंतु तो तेथें पोहोंचतो न पोहोंचतो तोंच मोनोंगाहेला नदीच्या कांठच्या भट्ट्या एकामागून एक थंड पडूं लागल्या. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ सालीं बंद झाला. पोलादाच्या आशेनें आलेल्या अनेकांप्रमाणें त्यालाहि दुसरी वाट धरावी लागली. ती त्यानें धरली, संसार थाटला, दोन मुली वाढविल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर एक जर्मन बनावटीची निळी मोटार घेतली. धातूवरील त्याचें जें प्रेम भट्ट्यांनीं नाकारलें होतें, तें सर्व ह्या मोटारीच्या वांट्याला आलें. शनिवारीं सकाळीं तो तिला न्हाऊं घाली, मऊ फडक्यानें पुशी, आणि मग चहाचा पेला हातांत घेऊन तिच्यासमोर उभा राही. समोर म्हणजे अगदीं तोंडासमोर. पेनसिल्व्हानियांत पुढच्या पाटीची सक्ती नसल्यामुळें त्या मोटारीचा पुढचा बंपर जसा कारखान्यांतून आला तसाच होता. 'एकहि भोंक नाहीं,' असें तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. जणुं एखादा न विंधलेला मोतीच दाखवीत आहे.

समोर पाटी नको, ह्यामागें त्याचें केवळ सौंदर्यप्रेम नव्हतें. त्याला त्यानें एका मताची बैठक दिली होती. तो म्हणे, "ह्या देशांत पाऊल टाकल्यापासून मी आंकडा झालों आहें. विद्यापीठांत आंकडा, परदेशी म्हणून नोंद झाली तिचा आंकडा, सोशल सिक्युरिटीचा नऊ अंकी आंकडा, बँकेंत आंकडा. इस्पितळांत गेलों तर मनगटाला आंकडा बांधतात. माझें नांव नीट उच्चारणारा मनुष्य महिन्यांतून एखादा भेटतो. आंकडा मात्र प्रत्येकाला बिनचूक म्हणतां येतो. मागें लावा म्हणतात, लावतों. पण समोरून येणाऱ्यानें माझ्या गाडीचें तोंड पाहावें. आंकडा कशाला पाहावा?"

आम्ही ह्याच्या उलट पक्षाचे. आमचें म्हणणें असें कीं, पाटी ही धन्याची शोभा किंवा अपमान नसून रस्त्यानें चालणाऱ्याचा हक्क आहे. मोटार अंगावर येते ती तोंडानें येते. ज्याला धक्का बसतो त्याला आधीं तिचें कपाळ दिसतें; पाठ दिसेपर्यंत तो बिचारा बहुधा जमिनीवर आडवा झालेला असतो. चार हजार रत्तल वजनाची वस्तु घेऊन जो मनुष्य लोकांच्या अंगावरून जातो, त्यानें आपण कोण हें आधीं सांगावें. गेल्यावर सांगण्यांत काय हंशील? ह्यावर तो हंसून म्हणे, "पडणारा मनुष्य सात अक्षरें वाचीत नसतो." आणि आम्ही म्हणत असूं, "पडणारा वाचीत नसेल. पलीकडच्या फुटपाथवरचा वाचतो." असें हें आमचें वर्षांतून दोनदां तरी चाले, एकदां दिवाळीच्या सुमारास फोनवर, आणि एकदां प्रत्यक्ष भेटीत.

ह्या वादाच्या भरांत आम्हीं पाटीचा इतिहासहि थोडाबहुत धुंडाळला. आणि गंमत अशी कीं, जो पुरावा आम्हीं शोधून काढावा तो त्यानें आपल्या बाजूला ओढून न्यावा. पॅरिसच्या पोलिस-प्रमुखानें १४ ऑगस्ट १८९३ रोजीं जो हुकूम काढला, त्यांत प्रत्येक मोटारीवर धातूच्या पत्र्यावर धन्याचें नांव, त्याचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक हीं तिन्ही वाचतां येतील अशीं असावींत असें म्हटलें होतें. पुढें १९०१ सालीं न्यूयॉर्क राज्यानें कायदा केला. त्यांत धन्याच्या नांवाचीं आद्याक्षरें तेवढीं मागितलीं होतीं, आणि पाटी ज्याची त्यानें करून घ्यावयाची होती. कातड्याच्या तुकड्यावर अक्षरें ठोकून ती गाडीला बांधणारेहि लोक होते. दोनच वर्षांनीं, १९०३ सालीं, मॅसॅच्युसेट्स राज्यानें स्वतः पाट्या करून वांटल्या. लोखंडी पत्र्यावर चिनी मुलामा, आणि त्यावर आंकडा. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें १ जानेवारी १९०४ पासून क्रमांक सक्तीचा झाला, तेव्हां लंडनचा 'ए १' हा पहिला मान अर्ल रसेल ह्यांनीं पटकाविला. हे गृहस्थ म्हणजे बर्ट्रंड रसेल ह्यांचे वडील बंधु. एवढ्यापुरता तत्त्वज्ञानाचा आणि पाटीचा घरोबा आहे खरा. हें सर्व आम्हीं मोठ्या उत्साहानें त्याला ऐकविलें. तो म्हणाला, "पाहा! आधीं नांव होतें, मग नांवाचीं अक्षरें राहिलीं, मग नुसता आंकडा. दहा वर्षांत माणूस पुसला गेला. मला तीस लागलीं, एवढाच फरक."

आंकड्याला कंटाळून त्यांतून पुन्हां नांव काढण्याची हौस आपल्या महाराष्ट्रांत किती होती, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इंग्रजी चार-एक-चार-एक ह्या अंकांना थोडी वळणें देऊन त्यांचा 'दादा' करावा, दोन-एक-चारचा 'राम' करावा, आणि असा क्रमांक मिळावा म्हणून परिवहन कचेरींत जादा पैसे मोजावेत, हा प्रकार पुण्या-कोल्हापुराकडील रस्त्यांवर कोणीं पाहिला नाहीं? आमच्या मित्राला ह्याचें फार कौतुक. सरकारनें आंकडा दिला आणि लोकांनीं त्याचें नांव केलें, हा त्याच्या मतें मोठा विजय होता. पण तोहि टिकला नाहीं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ठराविक सांच्याची अतिसुरक्षित पाटी सक्तीची झाली, आणि पुढें महाराष्ट्रांतील जुन्या वाहनांनाहि ती लावण्याचा हुकूम निघाला. अशोकचक्राचें चकाकणारें चिन्ह, कोपऱ्यांत निळीं अक्षरें, आणि एकदां बसविलें कीं मोडल्यावांचून निघत नाहीं असें कुलूप; तेथें वळणें देणार कशाला? भोंक पाडावें कीं न पाडावें, हा प्रश्नहि तेथें उरलेला नाहीं.

मित्र दोन वर्षांपूर्वीं हिंवाळ्यांत गेला. आजार लांबला नाहीं. वहिनींनीं एक वर्ष तेथें काढलें आणि मग पुण्यास बहिणीजवळ राहावयास जाण्याचें ठरविलें. घराची व्यवस्था मुलींनीं केली, राहिली मोटार. एका मुलीला शहरांत ती उभी करावयास जागा नव्हती, दुसरीनें विजेची गाडी घेतलेली. परक्याला विकावी, तर पंधरा वर्षांच्या गाडीला येणार तें किती! शेवटीं वहिनींनीं आम्हांला फोन केला. "भाऊजी, तुम्ही न्या. पैशांचं मागाहून बघूं." आणि मग थोड्या वेळानें, दुसरेंच कांहीं बोलतां बोलतां, त्या म्हणाल्या, "एक सांगतें. तिला भोंक पाडूं नका. ह्यांनीं कधीं पाडूं दिलं नाहीं." आम्हीं बरें म्हटलें. कॅलिफोर्नियाचा कायदा आम्हांला त्या क्षणीं आठवत होता. पण फोनवर एका विधवेला कायद्याचें कलम सांगत बसणें आमच्यानें झालें नाहीं.

२०२५ च्या उन्हाळ्यांत आम्ही आणि आमचा पुतण्या अशा दोघांनीं ती मोटार पिट्सबर्गहून पॅसिफिकच्या कांठीं आणली. अडीच हजार मैलांची वाट, पांच दिवस, आणि बहुतेक सर्व रस्ता एकच, इंटरस्टेट ८०. गाडी ज्या राज्याची, त्या राज्याचा नियम तिला प्रवासांत पुरतो, म्हणून एका पाटीनें जाण्यांत अडचण नव्हती. अशा रस्त्यावर समोरच्या गाड्या दुभाजकापलीकडून भुर्रकन् निघून जातात; त्यांचीं तोंडें पाहावयाचीं तर आरशांत, मागून येणाऱ्यांचीं. आम्ही पुतण्याला आरशांत पाहून मोजावयास बसविलें. ओहायोनें १ जुलै २०२० पासून पुढची पाटी सोडली आहे, इंडियानाला ती नकोच आहे. तेथपर्यंत आरशांतील चेहरे बहुतेक कोरे होते. इलिनॉय लागलें आणि आरशांत आंकडे भरूं लागले. आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग, सर्वत्र कपाळावर आंकडा. यूटामध्यें २०२५ च्या जानेवारीपासूनच पुढच्या पाटीची सक्ती उठलेली. पण निघालेल्या पाटीचा रिकामा चौकोन आणि दोन स्क्रू पुष्कळ गाड्यांच्या तोंडावर तसेच होते. नेव्हाडाचा नियम मात्र आम्हांला सर्वांत शहाणपणाचा वाटला. मोटार करणारानेंच पुढें पाटीसाठीं जागा किंवा साधन ठेवलें नसेल, तर तेथें पुढची पाटी लावलीच पाहिजे असें नाहीं. ज्या कायद्याला गाडीचा जन्म कसा झाला हें विचारावेंसें वाटतें, त्याच्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. पण नेव्हाडा संपतें, डोंगर लागतो, आणि डोंगर उतरला कीं कॅलिफोर्निया.

येथें नोंदणीच्या कचेरीनें दोन पाट्या हातांत दिल्या. पेनसिल्व्हानियाची पाटी काढून आम्हीं टपालानें वहिनींकडे पाठविली; कारण त्या राज्यांत पाटी धन्याची असते, गाडी गेली तरी ती त्याच्यापाशीं राहते. कॅलिफोर्नियांत तसें नाहीं. तेथें पाटी गाडीची. धनी बदलतात, ती गाडीबरोबर पुढें जाते. हा भेद लहान आहे, पण आमच्या मित्राला कळता तर त्यानें ह्यावर एक अख्खी संध्याकाळ काढली असती.

कायदा असा कीं, पुढची पाटी घट्ट बसविलेली असावी, ती हलूं-डोलूं नये, स्पष्ट वाचतां यावी, आणि जमिनीपासून साठ इंचांहून वर नसावी. आंत कांचेमागें टेकवून ठेवलेली पाटी त्याला चालत नाहीं. पाटी नसली तर पोलिस चिठ्ठी देतो. दुरुस्ती करून दाखविली म्हणजे पंचवीस डॉलर भरून प्रकरण मिटतें. आमच्या परिचयांतील कित्येक मंडळी ह्या पंचवीस डॉलरांचा हिशेब मनांत धरून बिनपाटीच्या मोटारी खुशाल हांकतात. मात्र ज्यानें वीस वर्षें मित्राशीं पुढच्या पाटीच्या बाजूनें भांडण केलें, त्याला ही सोय नाहीं. तेव्हां पाटी लावावयाची हें ठरलेलें. प्रश्न एवढाच होता कीं कशी.

आम्ही प्रथम एका कारखान्यांत विचारावयास गेलों. तेथील कारागीर मोठा उमद्या स्वभावाचा. आम्ही बोलतों आहों तोंच त्यानें विजेचें गिरमिट उचललें. "दोन भोंकें, दोन मिनिटें," तो म्हणाला. त्याचें कांहीं चुकत नव्हतें. पाटीच्या दोन छिद्रांत सात इंचांचें अंतर असतें. मध्य धरून दोन खुणा कराव्यात, गिरमिट चालवावें, स्क्रू पिळावेत, झालें. कान सोनारानेंच टोचावे म्हणतात, आणि सोनार तर समोर तयार होता. पण टोचलेला कान आणि टोचलेला बंपर ह्यांत एक अंतर आहे. कान जिवंत असतो. त्यांत कांहीं घातलें नाहीं तर तो बुजूं लागतो. हल्लींचा बंपर म्हणजे रंगविलेल्या प्लॅस्टिकचें पातळ कवच. त्याच्यामागें धक्का शोषणारा फेस, आणि त्याच्यामागें धातूची तुळई. ह्या कवचाला पाडलेलें भोंक आपण होऊन कधीं बुजत नाहीं. त्याच्या कडेचा रंग उडतो. बुजवावयाचें झालें तर प्लॅस्टिक सांधून, घासून सगळाच बंपर पुन्हां रंगवावा लागतो, आणि एवढें करूनहि ज्याला ठाऊक आहे त्याला तें दिसतें. आम्हीं कारागिराचे आभार मानले आणि गाडी परत आणली.

भोंक न पाडतां पाटी लावण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि प्रत्येकाचे कैवारी आहेत. चुंबकाचा मार्ग सर्वांना आधीं सुचतो, आणि प्लॅस्टिकला चुंबक धरीत नाहीं हें दुसऱ्या क्षणीं आठवतें. जाळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनीं पाटी बांधून टाकणारे लोक आहेत. ती वाऱ्यानें खडखडते आणि कायद्याला नको असलेला झोका घेते. ह्याहून बरा प्रकार म्हणजे जाळीच्या आंतून एक पट्टी, बाहेरून दुसरी, आणि मधून बोल्ट. रुंद, मजबूत जाळी असलेल्या गाडीला हें उत्तम. आमच्या गाडीची वरची जाळी अरुंद, आणि खालच्या जाळीवर पाटी बसविली तर रेडिएटरकडे जाणारा वारा तेवढा अडतो.

चिकटविण्याचा विचार आम्हीं अधिक काळ केला. ह्यासाठीं फेसाची दुहेरी चिकटपट्टी मिळते. तिची ताकद पाहून साध्या डिंकाची कींव यावी. पृष्ठभाग पाणी मिसळलेल्या अल्कोहोलनें पुसावा, हवा फार थंड नसावी, पट्टी जोरानें दाबावी, आणि मग धीर धरावा. पहिल्या वीस मिनिटांत निम्मी पकड येते, चोवीस तासांत नऊ-दशांश, आणि पुरी यावयास तीन दिवस लागतात. पुढें काढावयाची झाली तर केस वाळविण्याच्या यंत्रानें ती ऊन करावी आणि मागून मासेमारीची बारीक दोरी करवतीसारखी ओढावी. ह्याच कुळांतील दुसरी सोय कॅलिफोर्नियानें अलीकडे मान्य केली आहे. पत्र्याच्या पाटीऐवजीं अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली चकाकती पट्टी बंपरवर चिकटवावी. जॅग्वारची १९६१ ची ई-टाइप ज्यांनीं पाहिली असेल त्यांना ह्यांत नवें वाटणार नाहीं. इंग्लंडांत तिचा क्रमांक तिच्या लांबलचक नाकाडावरच चिकटवीत. पण आमच्या गाडीचा बंपर एकदां पुन्हां रंगविलेला होता. मागाहून दिलेला रंग कारखान्यांतल्या रंगाइतका प्लॅस्टिकला धरून नसतो. उद्यां पट्टी ओढली आणि तिच्याबरोबर निळ्या रंगाचा पापुद्रा आला, तर भोंक पाडलें नाहीं ह्या समाधानाला अर्थ काय राहिला?

पुतण्यानें मग ओढकडीचा मार्ग सांगितला. मोटार बंद पडली तर ती ओढून न्यावयास एक लोखंडी कडी गाडीबरोबरच दिलेली असते. बंपरच्या एका बाजूला गाडीच्याच रंगाचें एक लहानसें टोपण असतें. तें उचकटलें कीं आंत आट्यांचें भोंक दिसतें, थेट तुळईपर्यंत गेलेलें. कडी त्यांत पिळून बसवावयाची. त्याच आट्यांत कडीऐवजीं एक दांडा पिळला आणि दांड्यावर पाटीची चौकट चढविली, कीं पाटी उभी राहते आणि बंपरला कोठें स्पर्शहि होत नाहीं. आमच्या गाडीला हें कसें असेल तें पाहावें म्हणून आम्हीं मागच्या फळीखालचा हत्यारांचा कप्पा उघडला. त्यांत कडी होती. आणि ती एका पांढऱ्या कापडाच्या तुकड्यांत नीट गुंडाळलेली होती. कापड जुन्या धोतराचें. घडीला तेलाचा वास होता, आणि आट्यांवर हात फिरवितां ग्रीस अजून ओलसर लागत होतें.

आम्ही तेथें जमिनीवर कांहीं वेळ बसून राहिलों. ज्या बंपरला एकहि भोंक नाहीं असें तो आयुष्यभर सांगत आला, त्याला रुपयाएवढें एक भोंक जन्मापासून होतें. आणि त्याला तें ठाऊक होतें. धातूच्या माणसानें कडी तेलांत ठेवली होती ती कांहीं शोभेसाठीं नव्हे. आटे साफ राहावेत, वेळ आली तर कडी एका फेऱ्यांत बसावी, म्हणून. मग 'एकहि भोंक नाहीं' हें काय होतें? आम्हांला वाटतें, पाडलेलें भोंक आणि असलेलें भोंक ह्यांत तो फरक करीत असावा. मोटार करणारानें गाडीच्या अडचणीसाठीं ठेवलेलें छिद्र त्याच्या हिशेबीं गाडीचेंच अंग होतें, आणि आंकडा टांगण्यासाठीं दुसऱ्या कोणीं पाडलेलें तें मात्र भोंक. वादांत हा मुद्दा त्यानें एकदांहि काढला नाहीं. काढला असता तर आम्हांला उत्तर देणें जड गेलें असतें.

दांडा मागवितांना गाडीचा नमुना आणि साल बरोबर सांगावें लागतें, कारण आट्यांचें माप गाडीगणिक वेगळें. कांहीं जर्मन गाड्यांत तर आटे उलटे, डावीकडे फिरविले कीं घट्ट होणारे. आमचे सुलटे निघाले. टोपण काढण्यासाठीं त्याच्या कडेला नखानेंच हलकेंच दाबलें; स्क्रूड्रायव्हर घालूं नये, रंगाला ओरखडा पडतो. दांडा पिळला, पाटी पाणसळीनें सरळ धरली, आणि मागचा नट पान्यानें आवळला, म्हणजे रस्त्याच्या थरथरीनें ती कलती होत नाहीं. ह्या पद्धतीचा एक दोष आहे, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. पाटीला समोरून धक्का बसला तर तो फेसांत न जिरतां दांड्यातून थेट तुळईला जातो; आणि गाडी ओढून न्यावयाची झाली तर आधीं पाटी काढावी लागते, म्हणून पाना गाडींतच ठेवावा. ह्याखेरीज अर्ध्या तासाचें काम. पुतण्यानें मागें सरकून पाहिलें आणि म्हणाला, "काका, पाटी एका बाजूला दिसते." दिसतेच. मधल्या जागीं ती नाहीं, उजव्या कोपऱ्याकडे आहे. आल्फा रोमेओ ह्या इटालियन मोटारीच्या नाकावर ढालीच्या आकाराची जाळी असते. तिच्या १९९७ च्या १५६ ह्या नमुन्यांत पाटी अशीच बाजूला बसविलेली होती, आणि तिच्या भक्तांना तेंच तिचें वैशिष्ट्य वाटतें. आम्हांला तसें कांहीं वाटलें नाहीं. पण मधली जागा, जेथें चहाचा पेला घेऊन तो पाहत उभा राही, ती कोरी राहिली आहे. आणि फुटपाथवरच्या मनुष्याला सातहि अक्षरें वाचतां येतात.

वहिनींना छायाचित्र पाठविलें. संध्याकाळीं, म्हणजे त्यांच्याकडे सकाळ झाल्यावर, फोन आला.

"भाऊजी, भोंक नाहीं ना पाडलंत?"

"नाहीं, वहिनी. पूर्वींचंच एक होतं, टोपणाखालीं. त्यांतून लावली."

पलीकडे क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग त्या हंसल्या. "तें टोपण का? एकदां तें बर्फांत पडलं होतं. ह्यांनीं फावडं घेऊन दोन तास दारांतला बर्फ उपसला, पण शोधून काढलंच. मला म्हणाले, कोणाला सांगूं नकोस, विशेषतः तुम्हांला. आतां कुठं आहे तें?"

गाडीच्या पुढच्या कप्प्यांत आहे, त्याच धोतराच्या तुकड्यांत बांधून ठेवलें आहे, असें आम्हीं सांगितलें. "बरं केलंत," असें म्हणून त्यांनीं पुण्याच्या पावसाची गोष्ट काढली. यंदा तो लवकर आला होता आणि गच्चींत ठेवलेलीं पापडांचीं ताटें भिजलीं होतीं.